डायनामिनची रचना पहिल्यांदा उघडताना
काल खारघरहून ठाण्याच्या गाडीत तू विचारलंस, डायनामिन या प्रथिनाची स्फटिकरचना (स्फटिकावरून काढलेली अणूंची मांडणी) डाउनलोड केली, आता बघू काय? आधी रेझोल्यूशन बघ, म्हणजे रचना किती बारकाईने दिसते ते; आकडा जितका मोठा, तितकं चित्र धूसर. मानवी डायनामिन-1ची 2011 सालची रचना 3.7 अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आहे. त्यात हेलिक्स (मळसूत्री वळणं), साखळीचा सांगाडा कळतो. अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्यांच्या नेमक्या दिशेवर मात्र पैज लावू नकोस. पाण्याचे रेणू तर विसरच.

मग काय गायब आहे ते शोध. खरी गंमत तिथेच. शेवटचा प्रोलिनयुक्त भाग मुद्दाम वगळलाय, वर म्यूटेशनही केलंय. कारण हे रेणू एकमेकांना धरून सर्पिल वेटोळं करतात. असल्या गोतावळ्याचा नीट स्फटिक कसा वाढणार? हेच वेटोळं पेशीच्या पटलातून निघणाऱ्या पुटिकेची (इवल्या पिशवीची) मान आवळून ती तोडतं, मोदकाचं नाक चिमटीत दाबून जास्तीची उकड खुडावी तसं. तुझ्या स्क्रीनवरचं हे एन्झाइम मात्र सुट्टीवर आहे: त्याला ऊर्जा पुरवणारं जीटीपीसुद्धा बसलेलं नाही.

आणि रंगीत रिबन बघून हुरळू नकोस (मी वर्षभर तेच केलं). इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, म्हणजे प्रयोगात खरंच काय दिसलं ते, लाव. जिथे घनता नाही, तिथल्या वळणावर प्रबंधात परिच्छेद लिहू नकोस.