डिस्क बाद झाली, पण खेचायची घाई नको

प्रश्न : घरी चार खणांचा स्टोरेज सर्व्हर आहे. 8 टीबीच्या चार डिस्क, रेड-5 (एक डिस्क गेली तरी माहिती टिकवणारी मांडणी). परवा लाईट जाऊन आल्यापासून तो बीप करतोय आणि ‘डिस्क 3 बाद’ असं दाखवतोय. घरचे फोटो, चवथीचे व्हिडिओ सगळं त्यावरच. 12 टीबीची डिस्क घातली तर चालेल का? पाऊस सरेपर्यंत थांबू का? जुनी डिस्क वॉरंटीत आहे, ती परत पाठवावी का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पाऊस सरायची वाट पाहू नका, पण आज डिस्कला हातही लावू नका. बीप सेटिंगमधून बंद करा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी यूएसबी डिस्कवर उतरवा. एक डिस्क गेलेल्या रेड-5ला दुसरी गमावणं परवडत नाही. नवी डिस्क भरताना, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती तिच्यावर पुन्हा लिहिताना, उरलेल्या तिन्ही पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या फाइलीखालचा खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो, आणि काही सर्व्हर तिथेच काम सोडून देतात.

ही नक्कल चालू असताना स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, पाहा. 5, 197, 198 या ओळींतले (खराब सेक्टरांची मोजणी) ‘रॉ’ रकान्यातले आकडे वाढलेले असले तर डिस्क खरंच गेली. तिथे शून्य आणि फक्त 199 (जोडणीतल्या चुका) वाढलेला, तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा. समुद्राकाठच्या दमट हवेत हे होतंच. सर्व्हर बंद करून कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मात्र एकदा बाहेर टाकलेली डिस्क परत घेतली तरी सर्व्हर बहुतेक वेळा ती नव्याने भरतो, त्यामुळे नक्कल टळत नाही.

12 टीबी चालेल, पण चारही डिस्क मोठ्या होईपर्यंत तिच्यातले 8च वापरले जातील. उगीच पैसे अडकवण्यापेक्षा 8चीच घ्या. ती सीएमआर हवी, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी. पट्टे एकमेकांवर चढवणारी एसएमआर डिस्क सलग लिहिताना काही वेळाने इतकी अडखळते की सर्व्हर चांगली डिस्कही बाद ठरवतो. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या (हे रेड-5मधलं रेड नव्हे) 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं 2020 मध्ये उघड झालं होतं. त्या कंपनीची घ्यायची तर ‘रेड प्लस’ घ्या. अनेक मोठ्या डिस्कना खालची मधली स्क्रूची भोकं नसतात. तुमच्या ट्रेची भोकं आधी पाहून ठेवा. पिशवी फोडण्यापूर्वी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी तपासा. एसीतून आणलेली डिस्क पिशवीतच दोन-तीन तास राहू द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर लांब स्मार्ट चाचणी घ्या. अर्धा दिवस जाईल, जाऊ दे.

आता खरी धोक्याची जागा. ‘डिस्क 3’ म्हणजे तिसरा खण असेलच असं नाही. काही सॉफ्टवेअर 0 पासून मोजतात. अहवालातल्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे ट्रेमधल्या डिस्कच्या लेबलशी जुळवा. लेबल दिसत नसेल तर सर्व्हर रीतसर बंद करूनच ट्रे बाहेर काढा. चालू सर्व्हरमधून चुकीची खेचलीत तर सगळा संच बसतो.

चालू सर्व्हरमध्ये डिस्क बदलण्याची सोय असेल तर ट्रे थोडा ओढून अर्धा मिनिट थांबा, तबकड्या थांबू द्या, मग बाहेर घ्या. नवी ‘टक्’ होईपर्यंत आत सारा आणि ‘रिपेअर’ निवडा. ‘क्रिएट’ किंवा ‘इनिशियलाइज’ नव्हे! सेकंदाला सरासरी 150 एमबीने 8 टीबीला पंधरा तास लागतात. सर्व्हर वापरात राहिला तर दोन दिवसही. तोवर यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतःहून बंद होईल. नुसत्या घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. डिस्कचं तापमान 50 अंशांवर जाऊ लागलं तर पंखा लावा.

वॉरंटीचं म्हणाल, तर सर्व्हर एन्क्रिप्ट केलेला (पासवर्डशिवाय माहिती न वाचता येणारा) असेल तर खुशाल पाठवा. नसेल तर लक्षात घ्या, रेड-5च्या एकेका डिस्कवर सहसा 64 ते 512 केबीचे सलग तुकडे असतात, म्हणजे कागदपत्रांच्या छोट्या स्कॅन फाइली त्यावर सबंध सापडू शकतात. डिस्क अजून लिहू देत असेल तर आधी पूर्ण पुसा. देत नसेल तर वॉरंटीवर पाणी सोडून ती फोडलेलीच बरी.