दाखला थोरल्यासाठी निघाला होता

निफाड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली. फी वर्षाला सव्वा लाख, द्राक्षानं यंदा रडवलेलं. म्हणून पिंपळगावला बी.एस्सी. ठरलंय. मुलगी अबोला धरून बसलीय. 'तिची समजूत कशी घालू?'

ताई, समजूत घालूच नका. मुलीचं बरोबर आहे.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'आम्ही ओबीसी, थोरल्याच्या वेळी दाखले काढून निम्मी फी माफ झाली होती.' म्हणजे तलाठी, तहसील, सेतू ही वाट तुमच्या पायाखालची आहे. थोरल्यासाठी चपला झिजवल्या आणि धाकटीसाठी कुणी साधी चौकशीही केली नाही? राग आला वाचून.

मुलग्यांना निम्मी माफी आहे. मुलींना 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एवढीच: ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधून. तुमची मुलगी यात बसते. कुणी मॅनेजमेंट कोट्यातून 'चांगली ब्रँच' देतो म्हणालं तर ही जागा सोडू नका; त्या कोट्याला ही माफी नाही. विकास शुल्क मात्र भरावं लागेल. फीमध्ये ते किती, हे कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला विचारा. सव्वा लाखाच्या मानानं ती रक्कम लहान असते.

थोरल्याच्या वेळच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा. 31 मार्चला संपली असेल तर तलाठ्याचा अहवाल घेऊन नवा काढा. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याचीही तारीख तपासा. मग महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्र गाठा. बँक खातंही तिच्याच नावाचं, आधारशी जोडलेलं हवं. आधारवर आणि दहावीच्या मार्कलिस्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का पाहा, बरेच अर्ज तिथेच अडकतात. अर्ज भरून विसरू नका. कॉलेजचा क्लार्क त्रुटी काढून तो परत पाठवतो, पोरांना पत्ता नसतो आणि मुदत निघून जाते. दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं, आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं.

पण हे सगळं नंतरचं. आधी जागा हातात ठेवा. अलॉटमेंट लेटरवर कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख आहे, ती चुकली तर जागाच जाते. उद्या पहिल्या एसटीनं मुलीला घेऊन तुम्ही स्वतः जा, थोरल्याला पाठवू नका. आणि बी.एस्सी.चं रद्द झालंय हे तिला आज रात्रीच जेवायच्या आधी सांगा.