जुन्या लॅटिन हिट गाण्याची रॉयल्टी विकत घ्यावी का? मी घेतलीये, त्यावरून सांगतो

तुम्ही पुण्याहून विचारलंय की एका अमेरिकन वेबसाइटवर नव्वदच्या दशकातल्या लॅटिन हिट गाण्याच्या गीतकाराच्या रॉयल्टीचा हिस्सा विकायला आलाय, मागच्या बारा महिन्यांत त्याचे ११०० डॉलर मिळालेत, ६६०० ला दहा वर्षांसाठी देतायत, म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्के सुटतात, मग एफडीपेक्षा हे बरं नाही का.

मी न्यू जर्सीत असतो आणि २०१९ मध्ये साधारण असंच एक प्रकरण घेऊन बसलोय, म्हणून लिहितो. गाण्याचं आणि साइटचं नाव सांगत नाही.

आधी ते साडेसोळा टक्के डोक्यातून काढा. एफडीचं मुद्दल शेवटी परत मिळतं, इथे मिळत नाही. आपल्याकडे कोकणात आंब्याची बाग काही वर्षांच्या कराराने घेतात ना, तसं आहे हे, फळं तुमची पण करार संपला की झाडं मालकाची आणि तुम्ही रिकाम्या हाताने घरी. दहाही वर्षं ११०० च्या ११०० आले तरी खरा परतावा पडतो साडेदहा टक्क्यांच्या आसपास. आणि पहिल्याच वर्षापासून दरवर्षी १० टक्के घसरण धरली तर दहा वर्षांचे मिळून ६४५० सुद्धा होत नाहीत, म्हणजे टाकलेले पैसेही निघत नाहीत! एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, मी ते घेतल्यानंतर केलं 😅

आता गीतकाराची रॉयल्टी म्हणजे नक्की काय ते बघा, कारण लोक इथेच फसतात. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द-चाल म्हणजे रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. तुम्हाला मिळणार रचनेचा, त्यातही अर्धा वाटा सहसा पब्लिशरचा, उरलेला लेखकाचा, लेखक तीन असतील तर त्याचेही तुकडे, आणि लिलावात बऱ्याचदा त्या तुकड्यातला फक्त जाहीर वादनाचा भाग असतो (रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम), सिनेमात गाणं वापरायची फी त्यात नसते. पण रचनेचा हक्क असण्याची मजाही आहे, अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला काहीच मिळत नाही, पैसे रचनेला मिळतात. शिवाय दुसऱ्या कोणी गायलं तरी मीटर तुमचा चालू. 'ओये कोमो वा' मूळ लॅटिन संगीतकार टिटो पुएंतेचं, साठच्या दशकाच्या सुरुवातीचं, पण १९७० मध्ये सांताना या रॉक बँडने ते वाजवलं आणि जगभर गेलं, रचनाकार म्हणून पैसे पुएंतेला मिळत राहिले. असं काही तुमच्या गाण्याचं झालं तर लॉटरी, पण त्या आशेवर आज भाव देऊ नका.

माझं काय झालं सांगतो. मी घेतलं त्याच्या आदल्या वर्षी ते गाणं कुठल्याशा टीव्ही जाहिरातीत होतं, जाहिरात दिवसातून दहादा लागायची, त्यामुळे ते वर्ष एकदम गुबगुबीत दिसत होतं. जाहिरात बंद झाली आणि तिसऱ्या तिमाहीत स्टेटमेंट बघून मी साइटला मेल टाकला की चूक झालीये का, तर चूक वगैरे काही नव्हती, मीच एका वर्षाचा आकडा बघून उडी मारली होती. पुढे २०२० मध्ये बार, हॉटेलं, कार्यक्रम सगळं बंद, आणि गंमत म्हणजे त्याचा फटका लगेच दिसला नाही, कारण पैसे सहा-आठ महिने उशिराने येतात, परदेशातले त्याहून उशिरा. लॅटिन गाण्याचं हे विशेष बघा, ते वाजतं मेक्सिकोत, स्पेनमध्ये, अर्जेंटिनात, तिथली संस्था पैसे गोळा करणार, आपलं कमिशन कापणार, मग अमेरिकेतल्या बीएमआय किंवा ॲस्कॅप या तशाच वसुली संस्थांकडे पाठवणार, मध्ये पेसो पडला तर तेही तुमच्याच डोक्यावर. तरी आमच्या इथल्या मेक्सिकन हॉटेलात ते गाणं लागलं की बायको म्हणते, घ्या, आले तुमचे चार आणे.

हक्काची साखळी हा दुसरा घोळ. 'लंबाडा' आठवतंय? १९८९ मध्ये काओमा ग्रुपचं ते गाणं जगभर गाजलं, पण चाल होती बोलिव्हियाच्या लोस कर्कास ग्रुपची, १९८१ ची, आणि सुरुवातीला श्रेय भलत्याच नावावर. त्या ग्रुपमधल्या हर्मोसा भावांना भांडून ते मिळवावं लागलं, म्हणून २०११ मध्ये जेनिफर लोपेझने चाल वापरली तेव्हा त्यांची नावं आली. (आपल्या 'घायल'मध्येही तीच चाल होती, पण तो वेगळा विषय.) समजा त्या काळात कोणी त्या भलत्या नावाच्या माणसाकडून वाटा घेतला असता तर? शिवाय अमेरिकन कायद्यात १९७८ नंतर लेखकाने दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागायची सोय आहे, नव्वदच्या गाण्यांची ती वेळ आता आलीये, तेव्हा हेही विचारा. आणि मोठ्यांना जमतं असंही समजू नका, हिपनोसिस नावाचा लंडनला लिस्टेड फंड २०१८ पासून हिट गाणीच घेत होता, २०२३ मध्ये भागधारकांनीच तो पुढे चालवायला नकार दिला, मग ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने विकत घेतला.

टॅक्सचं थोडक्यात. डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा) भरला नाही तर अमेरिकेत ३० टक्के कापतील, भारत-अमेरिका कर करारानुसार भारतीयांना रॉयल्टीवर १५ आहे, आणि भारतातल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावं लागतं. पैसे पाठवायच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही.

मला विचाराल तर वर्षाच्या कमाईच्या ६ पट भावाला, दहा वर्षांच्या मुदतीचं, मी आज घेणार नाही. ४ पटीत मिळत असेल तर बघा, तेही बुडाले तरी झोप लागेल एवढेच पैसे टाकून. आणि साइटकडे निदान ५ वर्षांची स्टेटमेंटं मागा, देशवार आणि स्रोतवार फोड केलेली, एखादी तिमाही अचानक फुगलेली दिसली तर ती बाजूला काढून सरासरी काढा. फक्त बारा महिन्यांचीच देऊ म्हणाले तर सरळ टॅब बंद करा.