पुढची उभी मूठ: बसवावी की नको?

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षांपासून ह्यूस्टनला आहे. गेल्या वर्षी १६ इंची नळीची एआर-१५ रायफल घेतली. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो, बाकावर टेकवून १०० यार्डांवर मारतो. मित्र म्हणतो, पुढे खाली उभी मूठ बसव, नेम सुधारेल. पैसे घालावेत का?

उत्तर: नेमासाठी घालत असाल तर नका घालू. तुम्ही बाकावरून मारता, आणि तिथं ही मूठ हमखास मध्ये येते. हँडगार्डचा, म्हणजे नळीभोवतीच्या पुढच्या आवरणाचा, तळ वाळूच्या पिशवीवर सपाट बसतो म्हणून रायफल निमूट राहते. त्याच जागी उभा दांडा खाली लोंबायला लागला की पिशवी मागं-पुढं सरकवा, बाकाशी झटापट करा. मग माणूस कंटाळून मूठच पिशवीवर टेकवतो आणि रायफल डुलायला लागते.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही हत्यार शिकवण्यात. आमच्या इन्सास रायफलीच्या हँडगार्डखाली काही अडकवायची सोयच नव्हती, त्यामुळे हा वादही नव्हता. पुढं सिग ७१६ रायफली आल्या आणि एका पोरानं हौसेनं, पदरच्या पैशानं मूठ आणून लावली. लाइंग पोझिशनमध्ये, १०० मीटरवर, पाच गोळ्या. टार्गेट बघितलं तर सदऱ्याला गुंड्या लावाव्यात तशा पाचही एकाखाली एक! मी त्याच्याशेजारी आडवा झालो आणि डावा हात बघितला. बसच्या दांड्याला लोंबकळावं तशी मूठ आवळलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. दर गोळीला तो पुढचा भाग खाली ओढत होता, कधी कमी, कधी जास्त. मूठ काढायला लावली, तळहात हँडगार्डखाली नुसता ठेव म्हटलं. पुढच्या पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या गेल्या. पोरगं खट्टू झालं, पण मूठ पेटीत गेली.

म्हणून ही चीज निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ती आली वेगळ्या कामासाठी. जुन्या टॉमी गनला, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगनला, पुढं अशी मूठ असायची; १९४० मधल्या चर्चिलच्या प्रसिद्ध फोटोत दिसते. धडाधड गोळ्या सुटताना नळी वर चढते, तिला दाबून धरायला ती. पुढं लष्करासाठीच्या बऱ्याच टॉमी गनना तिच्याऐवजी साधं आडवं लाकूड आलं. (टॉमी गनचं नाव निघालं आणि आमच्या रेजिमेंटचे व्हिक्टोरिया क्रॉसवाले नाईक यशवंत घाडगे आठवले नाहीत तर आमच्या पलटणीत जेवण मिळायचं नाही. १० जुलै १९४४, इटली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी गन नळीकडून धरली आणि तिचाच सोटा केला.) रुमानियाच्या बऱ्याच एके-४७ घाटाच्या रायफलींना तर हँडगार्डमधूनच लाकडी मूठ काढलेली असते. कारण तेच, बर्स्ट, म्हणजे एका दाबात सलग सुटणाऱ्या गोळ्या. तुमची एआर एका दाबाला एकच गोळी सोडते आणि तिच्या ५.५६ मिमी गोळीचा धक्का तो केवढासा! तो मुद्दा तुम्हाला लागूच नाही.

दुसरं कारण जरा खरं आहे. अमेरिकी लष्कराच्या एम-४ कार्बाइनवर टॉर्च, लेझर, त्यांच्या वायरी असं सगळं चढलं तेव्हा हात ठेवायला जागाच उरेना, वर हँडगार्ड तापायचं. मग मूठ. तुमच्याकडे टेक्सासात रात्री रानडुकरांच्या मागं जातात. उद्या तुम्ही टॉर्च लावून उभ्यानं मारायला लागलात तर मूठ लावा; अंगठा बटणावर रोज त्याच जागी पडतो, अंधारात चाचपडावं लागत नाही.

तेव्हाही ती झाडूसारखी धरू नका. जमेल तितकी पुढं बसवा, खालची दोन-तीन बोटं तिच्यावर, तर्जनी आणि अंगठा हँडगार्डवर. हात कुठं थांबवायचा याची ती खूण, एवढंच. रायफल खांद्यात ओढायची ती सरळ मागं, खाली नाही. मला स्वतःला आखूड मूठ बरी वाटते. लांबडी दारात अडकते, गाडीत अडकते.

एक सावधगिरी. तुमची रायफल आहे म्हणून कायद्याची अडचण नाही. पण त्याच घाटाची, पिस्तूल म्हणून विकली जाणारी आखूड एआर मित्राकडे असेल तर तिला ही मूठ लावण्याआधी नीट चौकशी करायला सांगा. अमेरिकेच्या १९३४ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) ती नोंदणी लागणाऱ्या हत्यारांत जाऊ शकते.

आणि विकत घेण्याआधी मित्राचीच एक दिवस मागून घ्या. पाच गोळ्या मूठ लावून, पाच काढून, वेगवेगळ्या कागदांवर. एकदा बाकावरून, एकदा उभ्यानं. बसवताना स्क्रू नुसता बोटांनी फिरवून सोडू नका, पान्यानं घट्ट करा. मूठ जराशी जरी हलत असेल तर ते कागद बघण्यात अर्थ नाही.