लायसन्स संपून चौदा महिने झाले, आता टेस्ट द्यायची का?

प्रश्न : मी 73 वर्षांचा, राहणार विलेपार्ले. 1976 पासून गाडी चालवतो, आजवर एकही अपघात नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या धावपळीत लायसन्सची मुदत संपल्याचं लक्षातच आलं नाही, त्याला आता चौदा महिने झाले. नूतनीकरणाला गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘आजोबा, परत टेस्ट द्यावी लागेल.’ नातवाच्या वयाच्या पोरांमागे रांगेत उभं राहायचं का? म्हातारा म्हणून फेरपरीक्षा हा भेदभाव नाही का? याचिका करता येईल? एक एजंट टेस्टशिवाय काम करून देतो म्हणतोय. त्यात गाडी मुलाच्या नावावर आहे. दर मंगळवारी पहाटे मी प्रभादेवीला सिद्धिविनायकाला गाडीने जात होतो, तर गेल्या आठवड्यात त्याने किल्लीच कपाटात कुलूपबंद केली. त्याला तसा अधिकार आहे का?

उत्तर : काका, आधी तुमचा राग योग्य पत्त्यावर पाठवू. तुमची टेस्ट वयामुळे लागलेली नाही, उशिरामुळे लागली आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 15 नुसार मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्टशिवाय नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की टेस्ट पास झाल्याशिवाय ते नाकारायचं, असं कायदाच सांगतो. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, 2019 च्या दुरुस्तीने ती एका वर्षावर आली. तुमच्या जागी तिशीतली मुलगी असती तरी खिडकीवर तिला हेच उत्तर मिळालं असतं, फक्त ‘आजोबा’ वगळून.

वयाचा विचार आपला कायदा करतो, पण वेगळ्या रीतीने. चाळिशीनंतर नूतनीकरणाच्या अर्जासोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1ए, जोडावं लागतं. पंचावन्ननंतर खासगी गाडीचा परवाना एका वेळी पाचच वर्षांचा मिळतो. गाडी चालवायला वरची वयोमर्यादा मात्र कुठेच नाही. जपानमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्यांची नूतनीकरणाआधी स्मरणशक्ती आणि आकलन तपासतात. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो, पण तिथे भिस्त स्वतःच्या लेखी कबुलीवर. आपल्याकडे सगळा भार डॉक्टरच्या सहीवर आहे आणि ती सही कशी मिळते हे आरटीओबाहेरच्या टपऱ्यांना विचारा. माझं स्वतःचं मत विचाराल तर सत्तरीनंतर ट्रॅकवर एक फेरी सगळ्यांनाच सक्तीची हवी. पण ते मत झालं, कायदा नव्हे.

तेव्हा संविधानाच्या कलम 14 खाली, म्हणजे समानतेच्या हक्कासाठी, याचिका करण्यात अर्थ नाही. फी माझ्या व्यवसायाला मिळेल, लायसन्स तुम्हाला मिळणार नाही. टेस्ट दिल्यावर नूतनीकरण नाकारलं, तर मात्र कारणं लिहिलेला आदेश मागा. तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत मोटार वाहन कायद्याच्या कलम 17 खाली अपील करता येतं. खिडकीवर तोंडी सांगितलेलं म्हणजे आदेश नव्हे.

आता मुलाचं. तुम्हाला तो अपमान वाटला, मी समजू शकतो. पण कायद्याच्या नजरेत त्याने कलम 5 पाळलं : वैध परवाना नसलेल्या माणसाला मालकाने गाडी चालवू द्यायची नाही. दिली तर कलम 180 नुसार मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. विनापरवाना चालवणाऱ्यालाही कलम 181 खाली जवळपास तीच शिक्षा. म्हणजे त्या मंगळवारच्या फेऱ्यांत दोघेही अडकला असता. नूतनीकरण झालं तरी परवाना नव्या तारखेपासून धरला जाईल, मधले महिने भरून निघत नाहीत.

आणि दंड ही यातली लहान गोष्ट. मुदत संपलेल्या लायसन्सवर माहीमला कुणाला धक्का लागला असता, तर विमा कंपनीला त्या माणसाला भरपाई द्यायला लावून ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा अपघात-भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली हीच वाट घालून दिली. असे दावे लाखांत जातात आणि मालक तुमचा मुलगा. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळेल तो वेगळाच.

एजंटाला नमस्कार करा आणि पुढे चला. न दिलेली टेस्ट कागदावर पास दाखवणं ही बनवाबनवी आहे, आणि अपघातानंतर समोरचा वकील पहिल्यांदा तेच कागद उकरतो.

मला जास्त काळजी तुमच्या डोळ्यांची वाटते. फॉर्मवरचा एक प्रश्न असा : स्वच्छ उजेडात, चष्मा लावून चालेल, 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? 25 मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या साधारण सहा गाड्या. आज दुपारी तुमच्या गल्लीत उभे राहा, सहावी गाडी मोजा आणि तिचा नंबर मोठ्याने वाचा. एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा. अडखळलात तर आधी नेत्रतज्ज्ञ, मग आरटीओ. प्रमाणपत्रही ज्याने तुम्हाला खरोखर तपासलं त्याच डॉक्टरकडून घ्या. गाडी चालवणं धोक्याचं होईल असा आजार किंवा अपंगत्व माहीत असूनही चालवणं हा कलम 186 खाली गुन्हा आहे. शिवाय तसं मानायला सबळ कारण असेल तर परवाना अधिकारी मुदत शिल्लक असतानाही कलम 16 खाली वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो.

टेस्टची भीती नको. रिव्हर्स, आरसे, हातवारे, वळणं : पन्नास वर्षं तुम्ही हेच केलं आहे. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. पास झालात की पुढची मुदत दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा, कारण संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. आणि टेस्टच्या दिवशी किल्ली मुलाकडेच असू द्या. आरटीओच्या ट्रॅकपर्यंत गाडी त्याने न्यायची, तुम्ही शेजारी बसायचं.