जुनं अंडरबॉडी कोटिंग काढायचं की वरूनच नवीन मारायचं?

तुम्ही विचारलंय की बारा वर्षं जुन्या गाडीखालचं काळं डांबरी कोटिंग तडकलंय, गॅरेजवाला म्हणतोय वरून नवीन मारून देतो, तर जुनं काढायचं का. काढायचंच, पण जिथे सुटलंय तिथलं. घट्ट बसलंय तिथे उगाच खरवडू नका.

माझी गाडी वरळीला समुद्रासमोर उभी असायची आणि एका गॅरेजने तिला नुसता पाण्याचा फवारा मारून जुन्यावरच नवा थर चढवला. वरून मस्त काळीभोर, दोन पावसाळ्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ पत्र्यातून आत गेला. खारं पाणी फटीतून कोटिंगच्या मागे शिरतं आणि मग तिथून सुकतच नाही हो, आपल्याला वरून काही दिसत नाही.

आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोकळ वाजलं किंवा फुगलेलं दिसलं की खडूने खूण. चाकांवरच्या कमानीच्या कडा, दारांखालची पट्टी, जॅक लावायची जागा नीट बघा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, खाली आधाराचे जॅक स्टँड लावाच, प्लीज.

हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात मिळेल. कोटिंग मऊ पडेल एवढंच तापवायचं, धूर निघाला म्हणजे जास्त झालं, आणि लगेच स्क्रॅपरने ओढायचं, पट्ट्याच्या पट्ट्या निघतात. मास्क आणि चष्मा घाला. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, रबरी होज यांच्याजवळ गन नको, ग्राइंडरही नको, तिथे हातानेच सावकाश. ब्लोटॉर्च तर कुठेच नको. ग्राइंडरला वायर ब्रश लावून सुरुवातच करतात बरेच जण, पण डांबर वितळून ब्रशमध्ये भरतं आणि तोंडावर उडतं, ग्राइंडर नंतर गंजासाठी ठेवा. उरलेला चिकटा गन बंद करून, सगळं थंड झाल्यावर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, रबराला लागू देऊ नका.

मग गंज घासून, थिनरने पुसून, इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून वाचवणारं अस्तर), तो पूर्ण वाळल्यावर कोटिंग. पत्र्याला भोक पडलं असेल तर आधी वेल्डिंग, पुट्टीने बुजवू देऊ नका. हे सगळं पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतर करा, जुलैच्या दमट हवेत उघडा पत्रा बघता बघता लाल होतो. आणि नवीन कोटिंग मारताना समोर उभे राहा, दारांखालची पाणी जायची भोकं टेप लावून झाकून घ्या आणि नंतर टेप आठवणीने काढा, ती बुजली तर पाणी आतच साचणार.