गाडी चालवताना मामा फोन सोडत नाहीत, कसं समजवायचं?

तुम्ही विचारलंय की मामा रात्री बेळगावहून म्हापशाला भाजीचा टेम्पो मारतात, चोर्ला घाटातसुद्धा कानाला फोन असतो, आणि काय सांगायला गेलं की "तू मला गाडी शिकवतोस काय" म्हणून खवळतात. माझ्या गाड्या याच रोडला आहेत म्हणून सांगतो, मामांच्या मागं लागायचं आधी बंद करा आणि त्यांना फोन कोण करतंय ते बघा.

ड्रायव्हर हौसेनं फोन घेत नाही हो. गाडी पिरनवाडी सोडायच्या आत म्हापशाच्या व्यापाऱ्याचा फोन, "खंय पावलो?", मग घरातनं "जेवलासा काय?", मग अडत्याचा, वांग्याची पोती चढवली की राहिली म्हणून, आणि किणये येईपर्यंत परत तोच व्यापारी. उचलला नाही तर उद्याचा माल दुसऱ्या गाडीला जाईल ही भीती पोटात असते, त्यापुढं भाच्याचं शहाणपण कोण ऐकतंय. दंडाची भीती घालूनपण बघा हवं तर, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 खाली हातात फोन घेऊन गाडी चालवली तर 1000 ते 5000 दंड किंवा जेल, आणि 3 वर्षांत परत सापडलं तर 10 हजार. खरं मध्यरात्री त्या जंगलात पावती फाडायला कोण उभारलंय?

मामांना एकच गोष्ट विचारा, तीपण जेवून निवांत बसल्यावर, गाडीवर असताना फोन करून नव्हे. कणकुंबीच्या पुढं रेंज जाते तेव्हा कुणाचं काय अडतं? व्यापारी थांबतोच, माल पोचतोच, मामीपण झोपतात. आणि खरा धोका तर रेंज परत आल्यावर असतो, गेलेल्या सगळ्या फोनांचे मेसेज टुंगटुंग एकदमच पडायला लागतात आणि माणसाचा हात आपोआप डॅशबोर्डकडं जातो. घाटात 30 च्या स्पीडनं जरी गाडी असली तरी सेकंदाला 8 मीटर पुढं जाते, नंबर कुणाचा ते बघायला 3 सेकंद धरले तर 25 मीटर गाडी न बघता गेली, तेवढ्यात तिथं एक वळण संपून दुसरं सुरू होतं, पावसाळ्यात वर धुकं, आणि गवा रस्त्यात उभारला तर तो काय हॉर्नला हलत नाही.

मामा म्हणतील, मी ब्लूटूथ घेतो, दोन्ही हात स्टेअरिंगवर. हे सगळेच म्हणतात. 1997 मध्ये कॅनडात अपघात झालेल्या ड्रायव्हरांच्या फोनची बिलं तपासून एक अभ्यास झाला होता, त्यात फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट निघाला आणि हँड्सफ्रीवाल्यांना काही जास्त फायदा दिसला नाही. कारण हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं, डोळे रस्त्यावर असतात आणि दिसत काही नाही. मग शेजारी बसून क्लीनर बोलतो ते कसं चालतं? तर त्याला समोरचं दिसतंय, अवघड वळण आलं की तो आपसूक गप्प होतो, म्हापशाच्या दुकानात बसलेल्याला ते वळण दिसत नाही, तो आपला टोमॅटोचा भाव विचारतच राहतो.

आम्ही काय केलंय सांगतो. सुटताना एक फोन, जांबोटीत गाडी कडेला लावून दुसरा, घाट उतरल्यावर केरीला तिसरा. हे फोन ड्रायव्हरच करणार, त्याला कुणी करायचा नाही, आणि हे व्यापाऱ्याला मालक म्हणून मी स्वतः सांगितलंय, ड्रायव्हरला सांगायला लावलं नाही, कारण त्यानं सांगितलं तर तो माज वाटतो. तुमच्या मामांचे मालक कोण असतील त्यांना गाठा, नाहीतर मामींना तरी. गोव्याला जायला मॅप लागतो ही सबब ऐकून घेऊ नका, कायद्यानं 2020 पासून मॅपपुरती मुभा आहे खरी, खरं मामांना तो रस्ता डोळे झाकून पाठ असणार!

एखादा व्यापारी पहिल्यांदा कुरकुर करणारच, त्याला क्लीनरचा नंबर द्या. गाडीवर क्लीनर नसेल तर बऱ्याच फोनात ड्रायव्हिंग मोड असतो, तो चालू असला की रिंग वाजत नाही, काही फोनांतनं "गाडी चालवतोय, थोड्या वेळानं करतो" असा मेसेजपण आपोआप जातो. ते सेटिंग मात्र तुम्हीच बसून करून द्या, मामांना नुसतं सांगून ते व्हायचं नाही.